दोन वेढ्यांचा मान

हं, फोन नीट कानाला लाव. दाराशी उभं राहून ‘बरी आहेस ना मावशी’ म्हणायचं आणि पायातली चप्पल तशीच ठेवायची, ही तुझी लहानपणापासूनची खोड. फोनवरही तेच. मी एवढा मोठा फोटो पाठवला, तू बघितला नसशील म्हणून पुन्हा पाठवला, आणि तू काय लिहिलंस? ‘मावशी, पायपुसणं मस्त झालंय.’

पायपुसणं! अगं, अंगणवाडीची सगळी पोरं मांडी घालून बसतील आणि वर बाईंना जागा उरेल, एवढं पायपुसणं कुणाच्या दाराला असतं? संगमनेरला असली दारं निघाली असतील तर कळव, बघायला येते.

रागावले नाही. म्हणजे रागावले होते, पण तो राग तुझ्या आईला फोन करून तिच्यावर काढला, तेव्हा आता शिल्लक नाही. पण त्या सतरंजीपायी आमच्या गल्लीत काय रामायण झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून सगळं सांगते. मध्ये फोन ठेवायचा नाही.

माझे गुडघे गेले आणि शेतात जाणं सुटलं, एवढं तुला माहीत आहे. घरात बसून करायचं काय? धाकट्या लेकानं मोबाईल हातात दिला, म्हणाला, ‘आई, यात सगळं दिसतं.’ त्यात मला एक परदेशी बाई दिसली. जुन्या कपड्यांच्या पट्ट्या फाडायची आणि एका जाड्या आकड्यानं विणायची. लहान लेकरांच्या खोलीसाठी बसायची गोल आसनं, खेळणी ठेवायच्या टोपल्या, उशांचे अभ्रे, काय नि काय. तिची भाषा मला कळत नव्हती आणि माझी तिला कळायचा प्रश्नच नव्हता. मी नुसते तिचे हात बघितले. आधी साखळी, मग साखळीचा गोल, मग गोलाभोवती टाके. चिंध्याच तर होत्या, बिघडल्या तर बिघडल्या.

महिना झाला असेल. मालक ओट्यावर पेपर वाचत होते, ते एकदम म्हणाले, “भाकरी उजव्या हातानं थापतीस, आन हे डाव्या हातानं का?”

मी हाताकडे बघितलं. खरंच की! ती बाई डावरी होती. मी बघून बघून शिकले, ती तिच्यासारखी डावरीच शिकले. आता उजव्या हातानं करायला जावं तर टाकाच धरता येत नाही. अख्ख्या जन्मात डाव्या हातानं जेवण सोड, साधा नमस्कार केला नाही, आणि म्हातारपणी ही विद्या आली ती डाव्या हातात.

आकड्याची गोष्ट तर त्याहून पुढची. क्रोशाची बारीक सुई माझ्याकडे माहेरची होती, पण चार बोटं रुंद पट्टी तिच्या तोंडात कशी मावणार? सुताराकडे गेले. तो म्हणाला, ‘बाभळीचं लाकूड आणा, आठ दिवसांनी बघू.’ आठ दिवस कोण थांबतंय! घरातलं जुनं लाटणं नेलं, त्याच्या एका टोकाला खाच पाडून, घासून गुळगुळीत करून आणलं. झकास आकडा झाला. आमच्याकडे रोज भाकरी, त्यामुळे लाटणं गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढं जावयाला पुरणपोळीचं जेवण ठरलं, आणि सून पीठ मळून लाटणं शोधतेय, शोधतेय. मी म्हटलं, ‘थांब, एवढा वेढा होऊ दे.’ त्या दिवशी जावयांनी स्टीलच्या पेल्यानं लाटलेल्या पोळ्या खाल्ल्या आणि काही बोलले नाहीत. चांगलं घर बघून दिली पोरगी.

नगरच्या नातवासाठी खेळणी ठेवायची टोपली केली. तर खेळणी बाहेर आणि तो आत. आत बसून जेवला, आत बसून झोपला. मग मला जोर चढला. पाण्याच्या माठाखाली गोल, मिक्सरला खोळ, गॅसच्या टाकीला झालरीची खोळ. मालक म्हणाले, “मी आता एका जागी लई वेळ बसत न्हाई. मलाबी खोळ घालशील.”

तेव्हा सून म्हणाली. ही माझी धाकटी सून गावच्या अंगणवाडीची बाई आहे, आणि मला आत्या म्हणते. म्हणाली, “आत्या, टाकीला थंडी वाजत न्हाई. माझ्या पोरांना वाजती. त्यांना बसायला करा की काहीतरी.”

अंगणवाडीची खोली आमच्या घराच्या अंगाला, मध्ये एक लिंबाचं झाड. खोली नवी झाली तेव्हा खाली चकचकीत फरशी बसवली. दिसायला देखणी, पण थंडीत बर्फाची लादी. प्लॅस्टिकची चटई टाकली तर ती फरशीवरून पळायची, आणि पोरं मुद्दाम धावत येऊन तिच्यावर बूड टेकायची, की थेट भिंतीपर्यंत. शिकायला कोण तयार? मला सुनेचं म्हणणं पटलं. म्हटलं, सगळ्या पोरांना पुरेल अशी एकच मोठी गोल सतरंजी करू. प्रत्येक पोरानं घरातली एक जुनी साडी आणायची.

इथंच चुकलं बघ. ‘चिंध्या आणा’ म्हणायला पाहिजे होतं. ‘साडी’ म्हटलं, आणि आपल्या बायकांच्या डोक्यात साडी म्हटलं की आहेर.

पहिल्या दिवशी आल्या त्या खऱ्या जुन्या. विटलेल्या, फाटलेल्या, मांजरानं नखं मारलेल्या. दुसऱ्या दिवशी एकीनं बघितलं की शेजारणीनं बरी साडी दिली, तर ती आपली जुनी परत घेऊन गेली आणि चांगली घेऊन आली. मग चढाओढच लागली. एकजण तर ताटात साडी घेऊन, वर खोबऱ्याची वाटी ठेवून आली. आता अशी आल्यावर तिला कुंकू लावायला नको? कुंकू लावलं तर चहा नको? मग बाकीच्यांना कळलं की तिला चहा मिळाला. आठवडाभर सून अंगणवाडीत आणि मी चुलीपुढं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण गल्लीत आली, तिला कुणी एक परकर काढून देईना. ती माझ्या दारात येऊन म्हणाली, “आजी, तुमी कुठली भांडी देता वं? आमच्यापेक्षा चांगली हायेत का?”

त्या ढिगात एक मोरपंखी साडी निघाली. मला पदर ओळखीचा वाटला. उलटून बघते तर काय, काठाला माझ्याच हातची निळ्या पेनाची खूण! मी ती कुणाच्या तरी लग्नात दिली होती. तिनं आणखी कुणाला, तिनं पुढं कुणाला, अशी किती लग्नं, बारशी, वास्तुशांती करत ती साडी घडी न मोडता गावभर हिंडून माझ्याच दारात आली. एवढ्या वर्षांत तिला कुणी अंगावर म्हणून घेतली नव्हती. मी तिला उभी धरली आणि टर्रकन फाडली. तेव्हा कुठं तिचं फिरणं थांबलं.

आता नीट ऐक, कारण भांडण इथून सुरू होतं.

गोल विणायचं तर मधून सुरू करावं लागतं, आणि वेढ्यामागून वेढा बाहेर जावं लागतं. कुणाला कमी-जास्त वाटू नये म्हणून मी ठरवलं, प्रत्येक घराचे दोन-दोन वेढे. सारखा न्याय. मधल्या दोन वेढ्यांना हाताशी होती ती पट्टी घेतली, नातवाच्या टोपलीतून उरलेली. लाल, जरीच्या ठिपक्यांची. ती आमच्या विहीणबाईंची साडी, म्हणजे या धाकट्या सुनेच्या आईची. त्या खर्ड्याकडच्या. मग एकेक घर करत गेले. बाहेर बाहेर जावं तसा वेढा वाढत जातो, पट्टी जास्त लागते. शेवटच्या दोन वेढ्यांपाशी आले तर एकही सहावारी पुरेना. तेव्हा थोरलीचं लुगडं घेतलं. नऊवार, हिरवंगार, भरघोस. बरोब्बर पुरलं, हातभर पट्टी उरली नाही.

थोरली म्हणजे माझी थोरली जाऊ. समोरच्या घरात राहते, तुला आठवत असेल. मी लग्न होऊन आले तेव्हा तिनंच मला भाकरी थापायला शिकवली, आणि माझी पहिली भाकरी उचलून सगळ्यांसमोर बैलाला घातली. बैलानं हुंगली आणि ठेवून दिली. हे ती अजून प्रत्येक लग्नात सांगते. मी तिला थोरल्या बाई म्हणते, ती मला धाकटे म्हणते. भांडण असलं की ती मला काहीच म्हणत नाही, मालकांना म्हणते, “भावजी, तुमच्या घरात सांगा.”

सतरंजी अंथरली त्या दिवशी अख्खी गल्ली बघायला लोटली. पोरं धावत येऊन आपापल्या आजीची, आईची साडी शोधायला लागली. थोरली आली. तिच्या हाताला तिची नात, धाकट्या लेकाची पोरगी. ही पोरगी म्हणजे अंगणवाडीतली दुसरी बाईच. आकडे म्हणायचे तर हिचा आवाज सगळ्यात वर, कुणी चुकलं तर ही सांगणार, कुणाचं नाक आलं तर ही पुसणार. येत्या जूनला पहिलीत जायची.

थोरलीनं सतरंजी एकदा डोळ्यांखालून घातली. मध्ये बघितलं. कडेला बघितलं. कडेचा हिरवा वेढा दारापर्यंत आला होता, आणि नेमक्या त्यावर कुणीतरी दोन चपला काढून ठेवल्या होत्या.

“मधी कुनाची हाय गं?” तिनं विचारलं.

माझ्या सुनेला काय बुद्धी झाली! कौतुकानं म्हणाली, “माझ्या आईची, थोरल्या आत्या.”

“आस्सं. इहीनबाई देवाच्या जागी, आन मी उंबऱ्यापाशी चपला राखायला.” एवढंच बोलली. नातीचा हात धरला आणि निघाली. पोरगी मागं वळून वळून बघत, “आजी, पन माझी जागा…” म्हणत ओढली गेली.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली नाही. तिची आई कांदा निवडायला जाते, बाप टेम्पोवर. म्हणजे घरात थोरली आणि ती. पहिले दोन दिवस तर गंमतच वाटली. इकडं अंगणवाडीत पोरं आकडे म्हणायला लागली की समोरच्या ओट्यावरून ओरडा यायचा, “चौदानंतर सोळा न्हाई! पंधराऽ!” सून म्हणायची, “आत्या, शिकायला गैरहजर, शिकवायला हजर.”

मी गेले समजूत काढायला. म्हटलं, “थोरल्या बाई, बाहेरचा वेढा सगळ्यात मोठा असतो. तुमचं लुगडं साऱ्या घरांना कवेत घेऊन बसलंय.” रात्रभर विचार करून हे वाक्य तयार केलं होतं.

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “भावजीस्नी सांगा, कवेत घेतलंय का दार राखतंय ते लोकांस्नी दिसतंय.”

भावजी तिथं नव्हतेच. सांगणार कुणाला?

सुनेनं चपला बाहेर पायरीवर काढायला लावल्या. थोरली म्हणाली, “चपला हलल्या. उंबरा हलला का?” मग सुनेनं मदतनीस बाईला घेऊन सतरंजी धरून फिरवली, म्हणजे हिरवी बाजू दारापासून लांब जाईल. अर्धा तास दोघी फिरवत होत्या. ती गोल, आणि हिरवं चहूबाजूंनी. कितीही फिरवली तरी दाराशी हिरवंच. दोघी घामाघूम होऊन बसल्या, तेव्हा मालक खिडकीतून म्हणाले, “दार फिरवून बघा.”

शेवटी त्यांनाच पाठवलं. दीर आहेत, त्यांचं ऐकेल. गेले ते दुपारीच. तास झाला, दीड तास झाला. आले ते मिशीला दही लागलेलं.

“काय झालं?”

“धपाटे झकास हुते.”

“आवं, पन म्हनाली काय?”

“तिचंबी बरोबर हाय,” म्हणाले आणि आडवे झाले.

मी म्हटलं जाऊ दे, चार दिवसांत राग उतरेल. पण समोरून आकडे दुरुस्त करायचा आवाज एके दिवशी बंद झाला. बघते तर पोरगी ओट्यावरच्या खाटेवर पालथी, हातात मोबाईल. थोरलीनं गप्प बसावी म्हणून दिलेला. दुसऱ्या दिवशी तशीच, तिसऱ्या दिवशी तशीच. खिचडीच्या वेळी सून वाटी भरून द्यायला गेली, तर वाटी तशीच परत आली. मी जाता जाता हाक मारली, “काय गं बाई, चौदानंतर काय?” तिनं मान वर केली नाही. एवढी तोंडाळ पोरगी, कोंबडीशी सुद्धा भांडणारी, आणि मान वर नाही. म्हटलं, आमच्या दोघींचं म्हातारपणी काय ते चालू दे, पण हे पोर खाटेवर वाळायला नको. जूनमध्ये ही शाळेत अशीच मान खाली घालून जाऊन बसली तर?

सुनेला म्हटलं, “उद्या सतरंजी उसवायची.”

ती बघतच राहिली. “आत्या! सगळी? महिना घातला तुमी.”

“मधी जागा करायची तर सगळीच उसवावी लागती. पुन्हा विणीन. मला दुसरं काम काय हाय?”

दुसऱ्या दिवशी खिचडी झाल्यावर मी सतरंजीच्या कडेला खुर्ची टाकून बसले. शेवटचा टाका सोडवला आणि हिरव्या पट्टीचं टोक ओढलं. फर्र्र! विणायला जेवढं अवघड तेवढंच उसवायला सोपं. एक ओढली की टाक्यामागून टाका सुटत येतो. पोरांनी ते बघितलं आणि त्यांना काय झालं कुणास ठाऊक. एकानं टोक धरलं आणि पळाला. त्याच्यामागं दुसरा, त्याच्यामागं तिसरा. टोक दारातून बाहेर, लिंबाला वळसा, हापशाला वळसा, आणि मागून सगळी अंगणवाडी किंचाळत. सतरंजी फरशीवर गरागरा फिरायला लागली, तिच्यावर मदतनीस बाई होती, तीही फिरली.

आणि समोरच्या ओट्यावरून आवाज आला, “असं न्हाई धरायचंऽ! टोक मला द्याऽ!”

मोबाईल खाटेवर, पोरगी अनवाणी रस्त्यात. पोहोचली ती थेट पुढं गेली, टोक हिसकावून घेतलं, मागच्यांना रांगेत उभं केलं, “एकामागं एक, ढकलायचं न्हाई,” आणि निघाली वरात घेऊन. गेली कुठं? घरी. थोरलीच्या ओट्याला वळसा, खाटेच्या खालून, कोंबड्यांच्या डालग्यावरून. तिथं बांधलेल्या शेळीला वाटलं एवढा हिरवा पाला आपल्यासाठीच आलाय. तिनं तोंड घातलं.

गलक्यानं थोरली बाहेर आली. “आगं माझं लुगडं! शेळी खातीय! माझं लुगडं खातीय!” हातातलं उलथनं घेऊनच धावली. शेळीच्या तोंडातून पट्टी ओढली, झटकली, आणि समोर बघितलं तर सगळ्या वाटेवर हिरवं जाळं. तुला तिचा स्वभाव माहीत आहे. उचलून ठेवलेल्या पिशवीचा बंद सुद्धा लोंबलेला तिला चालत नाही. ती ओट्यावर बसली आणि पट्टी गुंडाळायला लागली. मी इकडून ओढतेय, ती तिकडं गुंडाळतेय.

मला आपली धास्ती. हिरवं संपलं की गाठीला पुढच्या घराची साडी, मग त्याच्या पुढची, असं करत करत शेवटी तिच्या हातात येणार ती लाल, विहीणबाईंची. थांबावं म्हटलं तर पोरं थांबू देत नव्हती. सतरंजी लहान होत चालली. थोरलीभोवती बायका जमल्या, आणि मग तिच्या तोंडाला वाचा फुटली. हिरवा गुंडा बाजूला ठेवून प्रत्येक साडीला आहेर करत गेली.

“ही गल्लीच्या टोकाच्या नानलीनं घेतलेली. एकदा धुतली की रंग सोडून गेली.” “ही? ही तर तुझ्या सासूची. नेसायची कमी, दाखवायची जास्त.” “आन ही मोरपंखी, ही मला दोनदा आली हुती!”

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्या मोरपंखीच्या वेळी मी मुद्दाम खाली बघून राहिले.

शेवटी माझ्या मांडीवर एवढंसं लाल चाक राहिलं. तेही सुटलं. पट्टीचं शेपूट पोरगी नाचवत घेऊन गेली. थोरलीनं ते गुंडाळलं. गुंडाळलं म्हणजे काय, दोन हात फिरवले आणि संपलं. ती इकडं तिकडं बघायला लागली.

“बाकीचं कुठंय?”

मी तोवर काठी टेकत तिच्या ओट्यापाशी आले होते. म्हटलं, “एवढंच हाय, बाई.”

“हे एवढं? इहीनबाईंचं?”

“मधल्या दोन वेढ्यांना एवढंच लागतं.”

तिनं तो लाल गुंडा तळहातावर घेतला. कांद्याएवढा, तोही निवडून बाजूला टाकलेल्या बारीक कांद्याएवढा. मग मांडीवर हिरवा गुंडा ओढला. तो भोपळ्याएवढा होता, दोन हातांत मावेना. एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. बायका माना लांब करून पुढं सरकल्या. शेळीनं सुद्धा मान लांब केली.

“आन माझं सगळं लागलं?”

“सगळं. सहावारी असती तर अर्ध्यात संपली असती. नऊवारीशिवाय त्या जागेला पुरत न्हाई कुनी. म्हनून तर घेतलं.”

“मग हे आधी सांगायला काय झालं हुतं तुला, धाकटे?”

धाकटे म्हणाली! मी म्हटलं, “सांगितलं हुतं की.”

“तू हे न्हाई सांगितलं. तू कवेत-बिवेत म्हनत हुतीस.”

खरंच होतं. रात्रभर जागून वाक्य तयार केलं आणि साधी मापाची गोष्ट सांगायची राहिली. थोरलीनं कांद्याएवढा गुंडा सगळ्या बायकांना दिसेल असा ओट्याच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, “खर्ड्याची मानसं मोजकी. दिलं त्येच लई.” माझी सून तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिच्या पायावर काठी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडी उघडायच्या आधी पोरगी दारात हजर, वेणी घट्ट, तोंड धुतलेलं. सुनेनं विचारलं, “आलीस व्हय?” तर म्हणते, “आजीनं गुंडे बघायला पाठवलंय. कुनी पळवले तर?” गुंडे बघता बघता तिनं आकडे म्हणून घेतले, दोघांची नाकं पुसली, खिचडी खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागितली. त्या दिवसापासून रोज येते. गुंडे राखायला.

सतरंजी पुन्हा करायची माझी छाती होईना. लांबट करावी तर पंगतीत पहिलं कोण, हा प्रश्न आला असता. चौकोनी करावी तर चार कोपऱ्यांचे चार मान. म्हणून मी ज्याच्या त्याच्या घरच्या साडीचं ज्याचं त्याला गोल बस्करच करून दिलं, म्हणजे कुठंही टाका आणि बसा. तेवढे दिवस पोरं गुंड्यांवरच बसली, आणि खरं सांगू, त्यांना गुंडेच जास्त आवडले होते. बस्करं झाली तेव्हा रडली काही.

पोरीला हिरवं बस्कर दिलं, चांगलं जाडजूड, तिच्या आजीच्या लुगड्याचं. तिसऱ्या दिवशी ती त्याच्यावर नव्हती. लाल गुंड्याचंही एक करून ठेवलं होतं, ते चमचमतं दिसलं आणि तिनं बदलून घेतलं होतं. कांद्याएवढ्या गुंड्याचं बस्कर ते, होऊन होऊन केवढं होणार? ताटलीएवढं. अर्धी पोरगी वर, अर्धी फरशीवर. आणि जागची हलायला तयार नाही, कारण त्याला जरीचे ठिपके आहेत.

माझा जीव पुन्हा टांगणीला. दुपारी थोरली नातीला न्यायला आली. दारात थांबली. पोरगी कशावर बसलीय ते तिनं बघितलं, मी तिनं बघितलेलं बघितलं. मी मनात वाक्य जुळवायला घेतलं आणि म्हटलं नको, गप्प बसावं.

“धाकटे,” ती म्हणाली, “हे इहीनबाईंचं बस्कर लई लहान झालंय. पोरीला गार लागतंय.”

“मग? दुसऱ्यावर बसवू?”

“ऐकती का ती? माझ्या लुगड्याचा उरलाय ना गुंडा? त्याचे दोन वेढे चढव भवतीनं.” मग बायका ऐकत नाहीत ना, असं बघून हळूच म्हणाली, “दोन न्हाई, तीन चढव.”

मी तिथंच पायरीवर बसून चढवले. ती शेजारी बसून पट्टी सोडत होती आणि सांगत होती, “डाव्या हातानं काय करतीस गं, नीट उजव्या हातानं कर की.” मला राग आला नाही. म्हणजे थोडा आला.

तर असं आहे बघ. आता जूनला ती पोरगी पहिलीत जाईल, मग अंगणवाडीत आकडे कोण दुरुस्त करणार कुणास ठाऊक. तोवर एकदा ये. रविवारी येऊ नकोस, अंगणवाडी बंद असते. मधल्या वारी ये, तुझ्या लेकराला घेऊन ये. सकाळची एस्टी धर, नगरच्या स्टँडवर उतरलीस की फोन कर, म्हणजे मालकांना फाट्यावर उभं करते. राहायचं काढून ये, नुसतं तोंड दाखवून पळायचं नाही. थोरलीकडं धपाट्यांचं सांगून ठेवलंय, आणि ती रोज विचारते, ‘आली का गं ती?’ लवकर ये बाई.